टेंभेकर सरांचा सिद्धांत

मंडळी, आज एकच प्रश्न पुढे ठेवतो. ज्यांनी आपल्याला शिकवलं, त्यांचंच चुकलंय असं दिसलं, तर काय करावं? सांगावं, की पायांवर डोकं ठेवून गप्प बसावं? लगेच उत्तर देऊ नका. आधी गोष्ट ऐका.

नागपूरच्या अनुपमा मुजुमदार. बीजगणित आणि तर्कशास्त्रात संशोधन करणाऱ्या. त्यांनी संगणकाला गणिताच्या सिद्धता तपासायला शिकवलं. म्हणजे काय? आपण म्हणतो, 'हे तर उघडच आहे.' संगणक म्हणतो, 'मला नाही दिसत. का, ते सांग.' प्रत्येक पायरीला — का? आपल्या घरात चालेल का हो असं? सासूबाई म्हणाल्या, की झालं सिद्ध!

या बाईंचे गुरू नीळकंठ टेंभेकर सर. वडील गेले तेव्हा अनुपमा शिक्षण सोडायला निघाली होती. सरांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी लेकीसारखं सांभाळलं. सरांच्या नावाचा एक सिद्धांत होता, देशोदेशी शिकवला जाणारा. सर म्हातारे झाले, विद्यापीठानं सत्कार ठरवला. बाईंना वाटलं, गुरुदक्षिणा म्हणून हा सिद्धांतच संगणकाकडून तपासून घेऊ. त्याच्या खरेपणावर कायमची मोहोर उमटेल.

आणि संगणक एका ओळीवर अडला. मोजून संपणाऱ्या, म्हणजे मर्यादित समूहांबद्दल जे खरं, ते सरांनी तिथे कधीच न संपणाऱ्या, अमर्याद समूहांनाही लागू धरलं होतं.

सहकारी बोधनकर म्हणाले, "ती कृत्रिम बुद्धिमत्ता आहे ना, तिला विचारा." विचारलं. तिनं क्षणात मधली जागा भरून दिली — भाषा अशी गोड, की वाचणारा मान डोलावेल. पण तपासणाऱ्या संगणकानं तेही नाकारलं. गोड वेगळं, मंडळी, आणि खरं वेगळं.

"मॅडम, राहू द्या," बोधनकर म्हणाले. "या वयात त्यांना कशाला दुखवायचं?"

"मग काय, ते जायची वाट बघायची आणि नंतर सांगायचं?" बाई म्हणाल्या. "हे कसलं प्रेम?"

गेल्या सरांकडे. "सर, सिद्धांतात एक पायरी सुटतेय."

"तुझं यंत्र चुकलं असेल."

"मी हातानंही करून पाहिलं, सर."

सर उठले. आत गेले. दार लावून घेतलं. कुमुदताई हळूच म्हणाल्या, "अनुपमा, आज जेवायला थांबू नकोस." ज्या घरात तिचं ताट कधी चुकलं नव्हतं, तिथून ती उपाशी परतली. काय वाटलं असेल हो तिला? खरं बोलल्याचं समाधान? छे. ती रडली. आपण पाप केलं, असंच तिला वाटत राहिलं.

बरेच दिवस गेले. मग एका सकाळी सरांचाच फोन आला, "ये." गेली. टेबलावर, पलंगावर, सगळीकडे आकडेमोडीचे कागद.

"ती पायरी दुरुस्त करायला बसलो होतो," सर म्हणाले. "झाली नाही. उलट अमर्याद समूहांत सिद्धांतच खोटा ठरवणारं उदाहरण हाती लागलं. अर्धा सिद्धांत गेला, अनुपमा. मर्यादित समूहांपुरताच उरला."

"सर, मला माफ करा."

"कशाबद्दल? इतकी वर्षं लोक या सिद्धांताला नमस्कार करत आले. नीट वाचला, तो तू एकटीनं."

सत्काराच्या दिवशी सरांनी शाल घेतली आणि सरळ फळ्यापाशी गेले. आपलाच सिद्धांत कुठे मोडतो, ते स्वतः मांडून दाखवलं. सभागृहात टाळी वाजली नाही. वाजवावी की नाही, कुणाला कळेना. सर थकून खाली बसले. अनुपमानं पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला, आणि तिचा हात धरून ठेवला.

मंडळी, आपण पोथीला फुलं वाहतो. उघडतो किती वेळा? वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. त्यांना शांतपणे 'का' विचारतो? आणि कुणी आपल्याला विचारलं, तर दार उघडं असतं की आपण आत निघून जातो? अहो, मी इथे उभा राहून बोलतोय, तुम्ही मघापासून माना डोलावताय. एकानं तरी विचारलं का — बुवा, कशावरून?

विचारा. कीर्तन संपलं की विचारा, मी इथेच बसलेला असेन. आता टाळ घ्या. आणि ज्याचं नाव घेताय, ते जरा ऐकत ऐकत घ्या.