विहिरीकडली झाडं

माहेर माह्यं तिगावचं, आन सासर सौंसरच्या अलीकडे, संत्र्याच्या बगीच्यात. काय सांगू जी तुम्हाले, लग्न होऊन आली त सासऱ्यानं पयली गोष्ट शिकवली थे व्यापाऱ्याले बगीचा दाखवाची. झाडावरचा माल पाहाले तो आला का त्याले विहिरीकडून न्यायचं, तिकडली झाडं लदलेली असते, आन पल्याडच्या धुऱ्याची, म्हंजे बांधाकडली, जी सुकून राहिली तिथं तो पोचाच्या आधी चहा आणायचा. चाळीस वर्षं मी हेच केलं, त्यात मले कई पाप नाही वाटलं.

मंग आमच्या ह्यायच्या डोक्शात गाठ निघाली. आधी हात थरथरे, मंग बोलता बोलता शब्द हरपे. जामसांवलीच्या मारुतीले नवस बोलून तिथं पंधरा दिवस राहिलो, तिथून पोरानं नागपूरले नेलं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाई म्हणे, बाबाच्या अंगात किती दम आहे थे पाहायचं आहे. खुर्चीतून हात न टेकता उठा म्हणे, दारापर्यंत चालून या म्हणे, एक यंत्र देल्लं मुठीत दाबाले. हे पयलेच हट्टी, दात खाऊन उठले, चालले. मंग बाई माह्याइकडे वळली. वजन उतरलं का, घरी थकते का, आंघोळ स्वतः करते का.

चार महिने झाले होते जी, आंघोळ मीच घालून देत होती. पायजम्याची नाडी त्याच दिवशी सकाळी दोनदा आवळली होती. मले वाटलं, कमजोर म्हटलं त हे लोक ऑपरेशन करत नाही, घरी मराले पाठवते. मी म्हटलं, हो जी, सारं स्वतः करते, बगीच्यातही जाते. ह्यायनं माह्याकडे पाह्यलं आन मान खाली घातली. पोरगा कागद आणाले गेला होता, नाही त टोकलं असतं त्यानं. विहिरीकडून नेलं मी त्या बाईले, अजून काय.

गाठ निघाली, पुरी निघाली म्हणे. पण माणूस उठला नाही. छातीत कफ भरला, पाठ सोलली, बोलणं गेलं. एक दिवस पोरगा औषध आणाले गेला तवा रडत रडत मी बाईले खरं सांगतलं. रागावली नाही, रागावली असती त बरं झालं असतं. जवळ बसून म्हणे, "आई, ही परीक्षा कोणाला नापास करायला नसते. दम कमी दिसला असता तर आधी महिनाभर खाऊपिऊ घालून, चालवून ताकद भरली असती. गाठीनं तेवढी सवड दिली होती."

मी म्हटलं, तरी बी असंच झालं असतं का? म्हणे, ते सांगता येत नाही, पण असं होऊ शकतं हे मला तुम्हाला आधी सांगता आलं असतं.

आता ओसरीत खाटेवर राहते हे. मले पाहते, ओळखते का नाही देव जाणे. यंदा व्यापारी आला त मी त्याले सरळ धुऱ्यावर नेलं, सुकली झाडं आधी दाखवली. पोरगा लय चिडला, माय तुले झालं काय म्हणे. त्याले मी अजून सांगतलंच नाही, माह्याच्यानं होत नाही. तुम्ही लिहून राहिले त लिहा जी, असं दुखणं कोणाच्या घरी येऊ नये, आन आलं, आन डॉक्टरनं विचारलं, त खरं सांगजा. चला, पाणी तापलं असन, ह्यायची आंघोळ राहिली.