अण्णांच्या दारासमोरची भिंत

वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो, आणि प्रकाश, बाळा, तू पुण्याहून आलास.

प्रकाशनं मला आधी उभं केलं, कारण मी त्याच्या वडलांच्या, अण्णांच्या, समोरची. समोरची म्हणजे हात लांब केला तर भिंत लागावी, एवढा आपला बोळ. पण मला असं उभं राहून बोलायची सवय न्हाय. सांभाळून घ्या.

भानुदासअण्णा कसे गेले हे बोळात चार तऱ्हेनं बोललं जातंय, म्हणून सांगते. सकाळी अंघोळ करून आले आणि खोलीत पडले. दार उघडं होतं. दिवसभर उघडंच होतं. संध्याकाळी दूधवाल्यानं हाक मारली, आतून ओ आली न्हाय, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणले, लगेच गेले नसतील. बराच वेळ पडून होते.

उघड्या दारात माणूस पडून राहतो आणि कुणाला दिसत न्हाय. कसं काय? अण्णांचं घर बोळाच्या टोकाला. पुढं रस्ता न्हाय, येणारंजाणारं कुणी न्हाय. आणि दारासमोर माझ्या घराची भिंत. कोरी; माझं दार पलीकडच्या अंगाला.

ती भिंत अण्णांनीच बांधली. या बोळातली बहुतेक घरं त्यांनीच बांधली. जळकोटहून आलेला गवंडी माणूस. मोठ्या घरांच्या मागं उरलेल्या पट्ट्या, कुठं पडका गोठा, कुठं उकिरडा, तिथं त्यांनी आपल्यासारख्यांना एकेक खोली उभी करून दिली. पाया खणायच्या आधी बोळात उभे राहायचे. समोरचं दार कुठं आहे ते बघायचे, आणि बरोबर त्याच्या पुढ्यात चुन्याची फुली मारायचे. इथं दार न्हाय. दारासमोर दार आलं की घरं भांडतात, हे आपण सगळेच मानतो. आपणच त्यांना बजावून सांगायचो. पण अण्णांचं म्हणणं निराळं होतं. म्हणायचे, "खोली एकच हाय. त्यातच स्वैपाक, त्यातच निजणं, त्यातच लेकीबाळींनी कापडं बदलायची. घर बारकं असू द्या, पण उघडं नगं."

माझं घर बांधताना मी खिडकी मागितली. धूर कोंडतो म्हणून. "त्या बाजूला न्हाय, ताई." मी म्हणले, का हो? तर खाली बघत म्हणले, "आमची शांता दारात बसून केस विंचरती. तुमी कशाला बघायलाव?" मला हसू आलं. त्यांनी खिडकी मागच्या बाजूला काढली. शांतावहिनी लई वर्षं त्या दारात केस विंचरत बसल्या, आणि माझ्या घरातून मला कधी दिसल्या न्हाइत. मग वहिनी गेल्या. प्रकाश नोकरीला गेला. भिंत तशीच राहिली.

त्या दिवशी मी भिंतीच्या अलीकडं भाकरी थापत होते. तो आवाज अण्णांना गेला असणार. त्यांनी हाक मारली असंल, तर ती थापण्याच्या आवाजात मला आली न्हाय. हेच डोक्यातून जाईना. रात्रंदिवस हेच.

दोष कुणाचा? कुणाचाच न्हाय. म्हणून तर जास्त जड जातंय. दोष असता तर कुणाला शिव्या तरी देता आल्या असत्या.

बोळाच्या तोंडाशी नवी खोली निघालीय. लग्न होऊन आलेली पोरगी. काल माझ्याकडं आली. "काकू, गवंड्याला तेवढं सांगा, दार कुणाच्या समोर नगं." मला वाटलं म्हणावं, ठेव बाई समोरासमोर. पण तिचीही एकच खोली. मी म्हणले, बरं, सांगते. दुसरं काय म्हणणार? तुम्ही काय म्हणाला असता?

प्रकाश म्हणतो, "काकू, आता तरी त्या भिंतीत खिडकी पाडून घ्या." बाळा, तू उद्या जाणार. पाडली तर काय दिसंल मला? तुमच्या दाराचं कुलूप.

एवढंच सांगायचं होतं. सगळे जरा वेळ उभे राहा. कुणी बोलू नका, लेकरांनाही गप करा.

अण्णा, इथूनच हात जोडते.