नकाशावरचं भांडण

खोटं बोलायला बी अक्कल लागते, अन् ती मला न्हाई. चहा येईस्तोवर सांगतो.

मी अन् दत्तराव सेलूच्या एकाच शाळेत तीस वर्षं मास्तर. रिटायर झालो की सगळा देश बघायचा, हे ठरलेलं. पण त्याला आधी काश्मीरचा बर्फ पाहिजे, मला आधी कन्याकुमारीचा समुद्र. या भांडणापायी आमी परभणीच्या पुढं गेलोच न्हाई.

परवा संभाजीनगरहून त्याचा रिपोर्ट आला. लय वाईट. नकाशा घेऊन गेलो, तर त्याच्या पोरानं मला दारातच धरलं. "काका, बाबांना यातलं काही कळू देऊ नका."

आत बसलो. नकाशा पसरला.

"आधी काश्मीर," दत्तराव बाजेवरून म्हणाला.

"बरं."

"मग राजस्थान. उंटावर बसून, भर मे महिन्यात."

"जाऊ की."

"कन्याकुमारी शेवटी. जमलं तर."

"तू म्हणशील तसं."

त्यानं नकाशाची घडी घातली अन् माझ्या हातात दिली.

"तीस वर्षांत तू माझं एक म्हणणं ऐकलं न्हाईस. आता सांग, डॉक्टर किती दिवस म्हणाला?"