दिनेशचा सर्व्हर उठलाच नाही

आपल्या सौसरच्या दिनेशचं ऐका. संत्रावाल्यांसाठी त्याची फोनसेवा होती. नंबर लावला की मोहगावचे गुरुजी अन् त्यांच्या पत्नी सुमनकाकू, दोघांच्या आवाजात रेकॉर्ड केलेला बागेच्या रोगांवरचा सल्ला ऐकू यायचा. सर्व्हर मुंबईत होता अन् त्याची सिस्टीम फार जुनी झाली होती.

मी म्हटलं, "दुसरा सर्व्हर घे. सगळं तिकडं ने, नीट चाललं की मग जुना बंद कर."

"कायले गड्या? याच्यावरच नवी चढवून राहिलो ना," दिनेश म्हणाला.

मधातच सर्व्हर बंद पडला, तो उठेच ना. लोकांचे फोनवर फोन. दिनेश घाबरला अन् मुंबईवाल्यांना म्हणाला, "कोरी सिस्टीम टाकून द्या." त्यांनी टाकली, अन् जुनं सारं पुसल्या गेलं. दुसरी कॉपी कुठंच नव्हती. थोडा थांबला असता तर रेकॉर्डिंग काढता आलं असतं, ते तोवर शाबूत होतं.

माफी मागायला आम्ही मोहगावले गेलो. गुरुजी म्हणाले, "माझं मी पुन्हा बोलून देतो, बापा."

मग हळूच म्हणाले, "पण हिचा आवाज? ती गेल्यापासून मी रोज तोच नंबर लावून राहिलो होतो."