हार घातलेली काचेची पेटी

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग मी कथेला हात घालते. उत्सव आला. गाभारा धुवायचा म्हणून मूर्ती उचलून बाहेर ओट्यावर ठेवली. गाभारा धुतला, समया घासल्या, झेंडूच्या माळा सोडल्या. इतका सुरेख दिसायला लागला की पुजारी म्हणाला, आता मूर्ती राहू द्या बाहेरच, तिचं तेल फरशीला लागेल. लोक आले, हात जोडले, गेले. सांगा बरं, नमस्कार पोचला कुणाला?

हसताय. हे पुढे बसलेले काका मान हलवताहेत, असं कुठं होतं का म्हणून. होतं, काका. ऐका.

कासारखेड नावाचं गाव. तालुक्याचं ठिकाण, नगरपालिका आहे, नगरपालिकेचा दवाखाना आहे. बाळंतपणाला आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया तिथंच येतात. आणि पालिकेची आरोग्य समिती अधूनमधून या दवाखान्याची तपासणी करते. चांगली गोष्ट आहे ना? पालिकेनं दवाखाना काढला, तर तिथं काय चाललंय हे पालिकेनंच बघायला हवं.

पण आपल्याकडे तपासणी कशी होते? आधी पत्र येतं. पाहुणे मुलगी बघायला येणार म्हटल्यावर जसे शेजारून कप-बशा आणतात, तसं गाव कामाला लागतं. बचत गटाच्या बाया घरच्या नव्या चादरी देतात. मांडववाला कुंड्या पाठवतो. दारात रांगोळी. कुणी वाईट मनानं करत नाही हो, गावाची लाज राखायची म्हणून करतात.

आणि कासारखेडची एक रीत होती. तपासणीच्या दिवशी पेशंट बाहेर काढायचे. पेशंट आला की डबा आला, नातेवाईक आले, वास आला. म्हणून ज्यांना चालता येईल त्यांनी सकाळीच उठून शेजारच्या रामाच्या देवळात जाऊन बसायचं. समिती गेली की परत यायचं. कुणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं. दवाखाना स्वच्छ दिसावा म्हणून आजारी माणसं उचलून बाहेर ठेवायची!

*गाभारा धुतला, आरास केली।*
*देवाची मूर्ती बाहेर नेली॥*

तर त्या दिवशी तिथं उज्ज्वला नावाची एक बाळंतीण होती. वीटभट्टीवरची पोर. दिवस भरायच्या आतच बाळंत झालेली. बाळ केवढं? आयांनो, तुम्हाला सांगायला नको. ओंजळीत मावेल, आणि तरी ओंजळीला वजन कळणार नाही, असं. नखं अजून कागदासारखी. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, उबेला. उज्ज्वला काचेला बोट लावून बसायची. तिची सासू धुरपदाबाई म्हणायची, "अगं, बोटानं काच झिजंल."

सकाळी सिस्टर आल्या. म्हणाल्या, "आजी, बाळ गुंडाळून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

धुरपदाबाई म्हणाली, "कशाला? काल तुमीच म्हणाला, पेटीतनं काढू नका."

"म्हणाले होते. पण पेटी समितीनंच दिलेली आहे. आज ती दाखवायची आहे. पुसून, हळदीकुंकू लावून ठेवायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"मग बाळासकट दाखवा की."

"आजी, वाद घालू नका हो. मलाही बोलणी बसतात."

ऐकलंत? पेटी बाळासाठी आणली, आणि बाळ बाहेर काढलं पेटीसाठी.

गेल्या तिघी देवळात. हो, तिघीच म्हणते मी. ती ओंजळभर पोरगी कुणी मोजत नव्हतं, आपण मोजू. देवळात फरशी गार, वारा आरपार. लोक भले होते. कुणी चहा दिला, एकीनं अंगावरची शाल दिली. पण "चला, बाळाला परत नेऊ" असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. सगळे म्हणाले, येतीलच आता समितीवाले.

समितीवाले आले नाहीत. त्यांना वाटेत व्यायामशाळेचं उद्घाटन होतं. अर्धा तास गेला, त्याच्यामागून दुसरा गेला. पोरगी आधी रडत होती, मग कुरकुरायला लागली, मग गप्प झाली.

"निजली गं बाई," शाल देणारी म्हणाली.

उज्ज्वलानं दुपट्यात हात घातला. तळपाय चाचपले. आणि सासूकडे बघून एवढंच म्हणाली, "आत्याबाई, ही निजली न्हाई."

धुरपदाबाई उठली. सून मागं, बाळ पदराखाली, छातीशी घट्ट.

दवाखान्याच्या दारात शिपाई उभा. "आजी, समिती आत्ताच आलीया, आत हाय. आन् रांगोळी हाय, बघून."

"बघितली," म्हातारी म्हणाली, आणि रांगोळीतल्या मोरावरून चालत आत गेली.

आत काय चाललं होतं? समितीच्या सभापती कमलताई बोराडे खुर्चीवर. डॉक्टर सोमण माईकवर. "ताईंच्या कृपेनं आपल्या बाळांना..." वगैरे. आणि मधोमध ती काचेची पेटी. तिला हार घातलेला. हळदीकुंकू. आणि आत काय? एक नारळ! मंडळी, आत बाळाच्या जागी नारळ ठेवला होता.

धुरपदाबाईनं हार काढून खुर्चीवर टाकला. डॉक्टर म्हणाले, "आजी, बाहेर थांबा. कार्यक्रम चालू आहे."

"आमचाबी चालू हाय," ती म्हणाली, "संपायच्या आत हिला आत घ्या."

सिस्टर पुढे आल्या. डॉक्टरांकडे त्यांनी बघितलंच नाही. नारळ बाहेर, बाळ आत. पण म्हातारीनं पेटीत हात घातला नि म्हणाली, "थंडगार हाय ही."

का? कारण भिंतीत प्लग एकच होता, आणि त्यात माईकची वायर लावली होती.

कमलताई स्वतः उठल्या. माईकची वायर ओढून काढली, पेटीची लावली. डॉक्टरांचा आवाज बंद झाला आणि पेटीचा दिवा लागला. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी दर खेपेला इथं येते, 'स्वच्छता उत्तम' असा शेरा मारते. पेशंट कुठं असतात?"

डॉक्टरांच्या आधी धुरपदाबाईच बोलली. "तुमाला कधी वाटलं न्हाई का बाई, दवाखाना हाय, तर आजारी मानसं कुठं गेली?"

कमलताई खाली मान घालून पेटीशेजारच्या स्टुलावर बसल्या. जेवणाचं ताट आलं, परत गेलं. बाहेर गाड्या थांबल्या होत्या, थांबू दिल्या. पोरगी पुन्हा रडेपर्यंत त्या हलल्या नाहीत. रडली तेव्हा उज्ज्वला त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. कुणाच्या खांद्यावर ठेवतोय याचं तिला भान नव्हतं.

पोरगी वाचली. पुढे समितीनं ठराव केला. तपासणीला आधी कळवायचं नाही. आल्यावर पहिल्यांदा खाटेवरच्या माणसाशी बोलायचं, डॉक्टर खोलीत नसताना. पेटीच्या प्लगमध्ये दुसरं काही लावायचं नाही, आणि पेटीजवळ कायम एक सिस्टर. साध्या गोष्टी आहेत. यासाठी एका तान्हीचे पाय गार पडावे लागले.

टाळ्या नकोत. थांबा. ती म्हातारी तुमच्या-माझ्यासारखी शहाणी असती तर? "साहेब म्हणाले, बसा," म्हणून फरशीवर बसून राहिली असती तर? डॉक्टरांवर रागावणं सोपं आहे. मीही रागावलेय. पण देवळात बसलेल्या त्या भल्या माणसांवर माझा राग जास्त आहे. चहा देणारे हात होते, वाट मोकळी करून देणारा एकही नव्हता.

आता खरं सांगते. आजचं आख्यान मी वेगळं ठरवून आले होते. दुपारी तुमच्या देवळाचे विश्वस्त म्हणाले, "ताई, कीर्तन जरा लवकर आटपा. सकाळी हा मंडप रिकामा लागणार आहे. आपल्या दवाखान्याची उद्या तपासणी आहे, पेशंट इथं आणून बसवायचेत."

विश्वस्त, मान खाली घालू नका. तुमच्या एकट्याचं नाही ते. बायांनो, कपाटातल्या नव्या चादरी काढून ठेवल्यात ना?

मी आज गावात मुक्कामाला आहे. सकाळी या मंडपाच्या दारात उभी राहणार. पहिली बाई बाळ घेऊन येईल, तिला मी इथं बसू देणार नाही. तिचा हात धरून परत दवाखान्यात नेणार, तिच्या खाटेवर बसवणार, आणि समिती येईपर्यंत तिथंच थांबणार. मला शिपाई अडवेल. मी एकटी असले तर अडवेलच.

हात वर करा म्हणत नाही. हात वर करायला काही लागत नाही. सकाळी दारात दिसा.