एकोणीस लाल, एक निळा

बाजारातला चोर पाठमोरा पाहिलेला प्रेमसिंग साक्षीसाठी वाशीमच्या कोर्टात पुकाऱ्याची वाट पाहत बसला होता. शेजारी दुसऱ्याच खटल्यातले बाप-लेक बोलत होते.

"सुकेशनी, नरेंद्र खोटं बोलनारा माणूस नाही. सांजेले ओट्यावरून पाहिलं म्हन्ते तो, गंगूबाईच्या पायावरून निळा ट्रॅक्टर गेला. गावात निळा आपलाच."

"त्या सांजेले तुमी ट्रॅक्टर भायेर काढला होता काय, बाबा?"

"नाही."

"मंग कबूल कायले करता?"

"शेताच्या धुऱ्याचा शेजारी हाय तो. त्याले खोटा कसा पाडू?"

"खोटा नाही पडत. मी नरेंद्रकाकाले दिवेलागणीले त्याच ओट्यावर बसवलं अन् दहादा कधी लाल, कधी निळा ट्रॅक्टर पुढून नेला. आठदा रंग बरोबर सांगितला, दोनदा चुकले."

"म्हंजे दहात आठ खरं!"

"गावात ट्रॅक्टर किती?"

"वीस. एकोणीस लाल, आपला निळा."

"एकोणीस लाल तिथून गेले, तर काकाले निळे किती दिसतीन?"

"दहात दोन... म्हंजे चारेक."

"अन् खरा निळा?"

"आपला एक."

"मंग काका निळा म्हन्तात, तवा आपला असन किती?"

बापानं बोटं मोजली. "पाचात एक. बाकी चार लालच."

"हेच जजसाहेबाले सांगीन. हाकललं तरी सांगीन."

तेवढ्यात प्रेमसिंगचा पुकारा झाला. वकील घाईनं जवळ आले.

"पक्कं सांगायचं. काळ्या जॅकेटातला तो चोर म्हणजे आरोपी किशनच होता."

"साहेब," प्रेमसिंग जागचा हलला नाही, "त्या दिवशी बाजारात काळे जॅकेटवाले किती होते, हे कोनी मोजलं काय?"