जुन्या घाटातला हिरवा ठिपका

ऐका. जरा जवळ सरकून बसा, मला आता मोठ्यानं बोलवत नाही. तुमची गाडी लावलीय ना ओसरीच्या प्लगला? भरू दे तिला. पहाटे अंधारात निघणार म्हणता, घाट चढणार म्हणता. मग कुठल्या घाटानं जायचं ते ठरवायच्या आधी हे ऐका. ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली, त्याला मी याच दारातून आत घेतलाय.

दोन वर्षं झाली. मार्गशीर्षाचे दिवस, थंडी अशी की रात्री पाणी हातात धरवत नव्हतं. कोल्हापूरचा एक शशिकांत नाईकवडी, पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा. पन्नाशीला आलेला, सरळ माणूस. त्याचे वडील गणपतराव, वय अठ्ठ्याहत्तर. घरात त्यांना आप्पा म्हणायचे. या आप्पांची थोरली बहीण इकडे खाली कोकणात, समुद्राजवळच्या गावात. चंद्राअक्का. आई लहानपणीच गेली, तर या अक्कानंच आप्पांना वाढवलेलं. कडेवर घेऊन शाळेत सोडायची म्हणे.

तर संध्याकाळी फोन आला, अक्काचं काही खरं नाही. दोन दिवस पाण्याशिवाय काही नाही, आणि सारखी भावाचं नाव घेते. आप्पांनी फोन ठेवला आणि चपला घालून दारात उभे राहिले. सकाळी जाऊ म्हणून मुलगा सांगत होता. ऐकतात कुठे. आठ वाजता निघाले दोघं. बापलेक, बाकी कुणी नाही.

गाडी तुमच्यासारखीच. विजेची. आठ महिने झालेले घेऊन, शशिकांतनं तिचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं. निघताना बॅटरी अर्धीच होती, पण त्याला काळजी नव्हती. घाटमाथ्यावर हॉटेलाच्या आवारात चार्जिंगचं मशीन आहे, तिथं त्यानं दोनदा गाडी भरली होती. अर्धा-पाऊण तास थांबायचं, चहा घ्यायचा, खाली उतरायचं. ठरलेलं.

माथ्यावर पोचले तर मशीन बंद. पडदा काळा. पोऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर, दुपारपासून असंच आहे, माणूस उद्या येईल. गाडीत तेरा टक्के उरलेले. खाली उतरल्यावर पुढं अक्काच्या गावापर्यंत एकही मशीन नाही. घरच्या प्लगला लावायची तर सगळी रात्र जाणार. आणि अक्काकडे सगळी रात्र होती की नाही कुणाला ठाऊक.

तेव्हा त्यानं फोन काढला. ते मशीन कुठं कुठं आहेत ते दाखवतं ना फोनवर, ते उघडलं. आणि दिसला एक ठिपका. हिरवागार. जुन्या घाटरस्त्यावर, सात किलोमीटरवर. मशीन चालू, जागा मोकळी. असं लिहिलेलं होतं, त्यानं मला फोनवर दाखवलं नंतर.

हॉटेलाबाहेर चहाची टपरी आहे, लक्ष्मीबाईची. तिनं विचारलं कुठं निघालात. यानं सांगितलं. ती म्हणाली, जुन्या घाटात मशीन कुणी बसवलं बाबा, तिकडं दिवसासुद्धा कुणी जात नाही. आज इथंच पडा. शशिकांत तयार झाला होता थांबायला, हे खरं. पण आप्पा गाडीतून म्हणाले, "अक्का थांबायची नाही रे." झालं. वळवली गाडी.

जुना घाट तुम्ही पाहिलेला नाही. नवा रस्ता झाला तसा तो मेला. कडेची झाडं आत आलीत, डांबर उखडलंय. तर हे चाललेत. आप्पा अक्काच्या आठवणी सांगतायत. ओढ्याला पाणी असलं की ती त्यांना खांद्यावर घ्यायची. स्वतःची भाकरी त्यांच्या ताटात टाकायची आणि मला भूक नाही म्हणायची. शशिकांत हं हं करतोय, नजर बॅटरीच्या आकड्यावर. बारा. अकरा.

एक मैलाचा दगड गेला. अर्धा जमिनीत गेलेला, वर शेंदूर. फोन म्हणतो, दोन किलोमीटर राहिले. चालले. वळण, वळण, पुन्हा वळण. परत एक दगड. अर्धा जमिनीत, वर शेंदूर. फोन म्हणतो, दोन किलोमीटर राहिले. त्याला वाटलं असेल दुसरा. चालले. दहा, नऊ, आठ. तिसऱ्यांदा दगड आला तेव्हा आप्पाच म्हणाले, हा मघाशी गेला की. फोन म्हणतो, दोन किलोमीटर.

चकवा. दुसरं काय. जुनी माणसं अशा वेळी जागच्या जागी बसून राहायची, उजाडेपर्यंत. पण गाडीत बसलेल्या माणसाला बसून राहायचं सुचत नाही. तो पुढंच जातो.

सहावर आकडा आला आणि उजेड दिसला.

पांढरी शेड. कोरं मशीन, त्याच्यावर हिरवा दिवा. एवढ्या रानात एवढा झगझगीत उजेड, आणि त्याच्याभोवती एक पाखरू नाही, एक किडा नाही. हे त्याला नंतर आठवलं. तेव्हा त्याला रडू यायचं बाकी होतं, इतकं बरं वाटलं.

आता थांबा. एक सांगतो. मी चौतीस वर्षं वायरमन होतो, या सगळ्या पट्ट्यात. त्या वळणावर वीज नाही. खांब नाही, तार नाही. पूर्वी होती. मग एका पावसाळ्यात ठेकेदाराचा एक माणूस तिथल्या खांबावर चढला. लाइन बंद आहे असं त्याला सांगितलेलं. बंद नव्हती. रात्रभर तो वरच राहिला, भिजत, कुणाला पत्ता नाही. सकाळी मी आणि आणखी दोघांनी त्याला खाली घेतला. इतकं गार अंग माझ्या हाताला पुन्हा कधी लागलं नाही. त्याचं नाव रात्रीचं घेत नाही. मागून ती लाइन नव्या घाटानं नेली, खांब उपटले. तर तिथं मशीन चालायचं कशावर, ते तुम्हीच सांगा.

शेडमधून माणूस आला. खाकी कपडे, कमरेला पक्कड, पकडीच्या मुठीला लाल पट्टी गुंडाळलेली. शशिकांतनं मला हे सांगितलं तेव्हा मला खांबावरच्या त्या माणसाची पक्कड आठवली. मी उठून पाणी पिऊन आलो.

तो माणूस अगदी नम्र. या साहेब, म्हणाला, खूप वेळ वाट बघायला लावलीत. मशीनची जाडजूड वायर त्यानंच ओढून आणली आणि गाडीला लावली. खट्ट करून बसली. शशिकांतच्या हाताला त्याचा हात लागला, तर बर्फ. थंडीचे दिवस, म्हणून त्यानं काही मनावर घेतलं नाही. आकडा चढायला लागला. सात. आठ. नऊ. मशीनचा आवाज नाही, पंख्याची घरघर नाही. मुकाट चढत होता.

शशिकांत पाय मोकळे करायला दहा पावलं गेला. परत आला तेव्हा आकडा सोळा. आप्पा म्हणाले, गारठा फार आहे रे. यानं आपलं जाकीट काढून त्यांना दिलं. अठरा झाले. ते म्हणाले, पायांत जीव नाही. यानं मफलर दिला. मग धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, आता भरतेच, दोन तासांत अक्काजवळ असू.

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. म्हणाले, "कोण अक्का?"

तेव्हा आकडा एकवीस होता. त्यानं मला त्या रात्री सांगितलं ते असं, की त्याला वाटलं म्हातारपण आहे, झोपेत आहेत, बरळले. म्हणून तो बाहेर मशीनजवळ उभा राहिला. बावीस. तेवीस. माणूस आता मशीनपाशी नव्हता. कुठं गेला म्हणून यानं इकडं तिकडं बघितलं.

तो गाडीत होता. मागच्या सीटवर, आप्पांच्या शेजारी. त्यानं आप्पांची दोन्ही पावलं मांडीवर घेतली होती आणि हळूहळू चोळत होता. आपण म्हाताऱ्या माणसाचे पाय दाबतो ना, तसे. मायेनं. आणि आप्पांचे ओठ निळे. आणि जसजसा तो चोळत होता तसतसा पुढं पडद्यावर आकडा चढत होता. एकोणतीस. तीस.

शशिकांतनं वायरीला हात घातला. निघेना. गाडी भरत असली की ती वायर आतून कुलूप लावून धरते, तुम्हाला माहीतच आहे. त्यानं किल्लीचं बटण दाबलं, दाबलं, दाबलं. काही नाही. दार ओढलं, बंद. काचेतून तो माणूस त्याच्याकडं बघून मान हलवत होता. आणि बोलला. काच बंद, तरी कानाजवळ बोलल्यासारखं ऐकू आलं.

"राहू द्या की साहेब. पल्ला लांब आहे तुमचा."

तेव्हा त्याला ते पुस्तक आठवलं. वीज गेली, कुलूप अडकलं, तर डिकीत आतल्या बाजूला एक दोरी असते, ती ओढायची. डिकी उघडली, नशीब. पिशव्या बाहेर फेकल्या, अक्कासाठी घेतलेली साडी चिखलात पडली. अंधारात चाचपडून दोरी सापडली. ओढली. नखं तुटली त्याची, मी बघितली आहेत. वायर सुटली आणि तिच्या तोंडातून पाणी गळायला लागलं. गार, गढूळ, पावसाचं पाणी.

दिवा गेला. शेड गेली. नुसता अंधार आणि झाडं.

पुढचं दार उघडलं, बसला, गाडी काढली. पडद्यावर एकतीस. पहिल्या वळणाला वीस. दुसऱ्या वळणाला नऊ. मग दोन. जे भरलं ते भरलंच नव्हतं. आणि आरशात बघतो तर तो माणूस मागं. पळत नव्हता. चालत होता. गाडी चाळीसनं जातेय आणि हा आपला रमतगमत चालतोय, अंतर तेवढंच. हात पुढं केलेला, जसं कुणी म्हणावं, राहिलं ते द्या.

एक टक्का. गाडी मरायला लागली. वेग कमी, दिवे मंद. आणि नेमका तिथं उतार लागला. खरा उतार, घाटाचा. शशिकांतनं पाय उचलला आणि गाडी सोडून दिली. उताराला ही गाडी आपल्याच चाकांवर वीज करते. एक टक्का तसाच राहिला. मग दोन. कठडा नाही, खाली दरी, गाडीचे दिवे काजव्याएवढे, आणि हा ब्रेकला पायाचं नुसतं टोक लावून उतरतोय. तीन. आरशात बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं. मागून आवाज येत होता. साहेब. साहेब. आधी मागून, मग खिडकीशी. मग आप्पांच्या आवाजात. बाळ, थांब, मी मागं राहिलो.

आप्पा मागच्या सीटवरच होते. तरी तो आवाज बाहेरून येत होता. तो थांबला नाही.

साडेतीनला गाडी इथं माझ्या अंगणात येऊन बंद पडली. घाटाच्या पायथ्याचं पहिलं घर माझंच. मी आणि माझ्या सुनेनं आप्पांना आत आणलं. चुलीपुढं निजवलं, तीन गोधड्या घातल्या, सुंठेचा काढा चमच्यानं घातला. दोन्ही पावलांवर बोटांचे वळ होते, पांढरे, गोठल्यासारखे. उजाडताना त्यांनी डोळे उघडले. वाचले.

अक्का पहाटेच गेली होती. माझ्या पुतण्यानं जीपनं दोघांना पोचवलं. लोक थांबले होते भावासाठी. आप्पांना तिच्याजवळ नेलं, तोंडावरचं कापड बाजूला केलं. त्यांनी खूप वेळ बघितलं. मग शेजारच्याला हळूच विचारलं, ही कुणाची कोण?

अक्काचे दिवस झाल्यावर शशिकांत गाडी न्यायला आला. आप्पा जीपमध्येच बसून राहिले. त्यांना अजून बाकी सगळं आठवतं. पोस्टातली नोकरी आठवते, मुलाचं नाव आठवतं. बहीण होती, हे तेवढं आठवत नाही.

शशिकांत बसला होता तिथं, ओसरीच्या खांबाजवळ.  मग म्हणाला, "काका, मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला ते झोपेत आहेत असं वाटलं नव्हतं. अक्का कोण म्हणाले, तेव्हाच मला कळलं की आकडा कशानं चढतोय. मी एकतीसपर्यंत थांबलो."

मी विचारलं, का रे बाबा?

"पोचायला चौतीस लागत होते."

 चहा पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

तो ठिपका अजून दिसतो बरं का. चार जणांनी तरी तो खोटा आहे म्हणून कळवलंय, तरी जात नाही. आणि दिसतो तो बॅटरी उतरली की. भरलेल्या गाडीवाल्याला नाही दिसत. म्हणून सांगतो, पहाटे निघालात की नव्या घाटानं जा. जुन्या फाट्याला वळू नका, कितीही जवळ दाखवू दे. मशीन बंद असलं तर बंद. उशीर झाला तर झाला, कुणी वाट बघत असलं तरी झाला. गाडी संपली तर तिथंच सोडा आणि उजाडेपर्यंत एकमेकांचा हात धरून बसा. गाडी दुसऱ्या दिवशी दोर लावून आणता येते.